अफूच्या शेतापासून न्यायालयापर्यंत

माळव्यात फेब्रुवारीचा महिना अर्धा सरला की नीमच, मंदसौर, रतलाम या जिल्ह्यांतील काही शेतांचे रूप पालटते. पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळून पडलेल्या असतात आणि झाडांच्या टोकांवर हिरवी बोंडे ताठ उभी असतात. दुपार कलली की शेतकऱ्याच्या घरची माणसे त्या बोंडांना बारीक चिरा देतात. रात्रभर चिरांतून चीक पाझरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अलगद खरवडून भांड्यात घेतला जातो. हीच अफू. याच चिकातून मॉर्फिन निघते आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्याचा डोळा लागतो. याच चिकापासून हेरॉइनही तयार होते आणि एखादा धडधाकट तरुण वर्षा-दोन वर्षांत घरातील भांडी विकू लागतो. पीक एकच, चीकही एकच. तो कोणत्या वाटेने जातो एवढाच काय तो भेद. त्या दोन वाटा जेथे फुटतात तेथे एक सरकारी माणूस उभा असतो. त्याचे काम काय, तो कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो आणि चढता चढता त्याच्यावरची जबाबदारी कशी बदलत जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अमली पदार्थांचा तपासनीस म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर पाठलाग, पिस्तूल आणि पांढऱ्या पुडीचे चित्र उभे राहते. चित्रपटांनी ते रंगविले आहे आणि ते सर्वस्वी खोटे आहे असेही नव्हे. तथापि या माणसाच्या हातात पिस्तुलापेक्षा अधिक काळ असतात त्या तीन वस्तू निराळ्याच आहेत : तराजू, नोंदवही आणि लाखेची मोहोर. या तीन वस्तूंशी जो प्रामाणिक राहतो तोच पुढे चांगला अधिकारी ठरतो.

हे असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नीमच-मंदसौरचा मुलूख एके काळी शिंद्यांच्या राज्यात होता आणि भोवतालचा बराच प्रदेश होळकरांचा होता. बंगाल-बिहारातील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये आपल्याकडे घेतला. माळव्याच्या अफूवर मात्र तिची सत्ता चालत नव्हती. कंपनीने मुंबई बंदराची वाट अडविली तेव्हा व्यापाऱ्यांनी माल राजपुताना आणि सिंधमधून कराचीस व तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणास नेला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने नमते घेतले आणि शुल्क भरून दाखला घेणाऱ्याचा माल मुंबईस येऊ दिला. १८४३ मध्ये सिंध तिच्या ताब्यात आल्यावर ती दुसरी वाटही बंद झाली. म्हणजे त्या काळी अफूवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे काम माणसाला व्यसनापासून वाचविणे हे नव्हते. सरकारचे उत्पन्न वाचविणे हे होते. १८५७ आणि १८७८ चे अफूविषयक कायदे त्याच दृष्टीचे. १९३० च्या कायद्यात धोकादायक औषधांच्या नियंत्रणाची कल्पना आली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये निरनिराळ्या अफू-कचेऱ्या केंद्र सरकारच्या एका खात्याखाली आल्या, आणि १९६० मध्ये त्या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून ग्वाल्हेरला हलविण्यात आले. आज केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो म्हणून ओळखले जाणारे हे खाते ग्वाल्हेरच्या मुरार भागातूनच चालते आणि आजही ते अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागाकडेच आहे.

जुने तिन्ही कायदे मोडीत काढून १४ नोव्हेंबर १९८५ पासून एकच कडक कायदा अमलात आला. त्याचे मराठी नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. पुढल्याच वर्षी, १९८६ मध्ये, निरनिराळ्या खात्यांच्या कामाचा मेळ घालण्यासाठी दिल्लीत नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो स्थापन झाला. २००३ पासून तो गृहमंत्रालयाकडे आहे. यांखेरीज सीमाशुल्क खाते, महसूल गुप्तवार्ता संचालनालय आणि राज्यांचे पोलीस यांनाही या कायद्याखाली अधिकार आहेत. पण तपासनीस घडतो कसा हे पाहावयाचे असेल तर ग्वाल्हेरच्या खात्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. येथे एकाच अधिकाऱ्याला सकाळी शेतकऱ्याची परवानगी असलेली अफू मोजावी लागते आणि रात्री चोरटी अफू पकडावी लागते.

या खात्यात उपनिरीक्षक किंवा निरीक्षक म्हणून येणारा तरुण पदवीधर असतो. कर्मचारी निवड आयोगाची स्पर्धा परीक्षा आणि शरीरसामर्थ्याची कसोटी या दोन्ही त्याला उत्तीर्ण व्हाव्या लागतात. मुलीही या नोकरीत येतात, आणि त्या याव्यात ही कायद्याचीच गरज आहे. कारण स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घेतली पाहिजे असे तो स्पष्ट सांगतो. नवा उमेदवार कायद्याची कलमे पाठ करून येतो. परंतु त्याची खरी शाळा शेताच्या बांधावर भरते.

अफूचे पीक मनास येईल तेथे घेता येत नाही. केंद्र सरकार दर वर्षी मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठरावीक भागांसाठी परवान्याच्या अटी जाहीर करते. माळव्यात या परवान्याला पट्टा म्हणतात. दहा आरींचा पट्टा म्हणजे हेक्टराचा दहावा भाग. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंबाची प्रतिष्ठा अवलंबून असते. पेरणी झाली की अधिकारी प्रत्येक तुकडा मोजतात. चीक निघू लागला की रोज किती अफू निघाली याची नोंद गावचा लंबरदार ठेवतो, आणि अधिकारी अचानक येऊन घरातील माल व वहीतील आकडा ताडून पाहतात. एप्रिलच्या सुमारास वजन-केंद्रावर शेतकरी आपला सारा माल सरकारला देतो. तेथे त्याचा घट्टपणा आणि शुद्धता तपासली जाते व तो माल नीमच किंवा गाझीपूरच्या सरकारी कारखान्याकडे जातो. गाझीपूरचा कारखाना १८२० पासूनचा आहे. अलीकडच्या हंगामांत काही शेतकऱ्यांना चिरा न देता बोंडेच जमा करण्याचे परवानेही मिळू लागले आहेत.

या साऱ्या व्यवहारात नवा उपनिरीक्षक एक गोष्ट शिकतो. वही आणि भांडे यांत तफावत आढळली की तिचा अर्थ लगेच चोरी असा होत नाही. अवकाळी पाऊस चीक धुऊन नेतो, पोपटांचे थवे बोंडे फोडतात, अफू उन्हाने वाळून हलकी होते. परंतु कधी कधी तफावतीचा अर्थ चोरीच असतो. परवानाधारक शेतकऱ्याने अफू परस्पर वळविली तर कलम १९ खाली त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. मोजमापात थोडी हयगय झाली तर एका बाजूला सरकारी अफू काळ्या बाजारात जाते आणि दुसऱ्या बाजूला निरपराध कास्तकार गजाआड जातो. म्हणून जुने अधिकारी नवशिक्यांना आधी तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहावयास शिकवतात. माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव वाचावयास नंतर.

आता रात्रीच्या कामाकडे वळू. समजा, एका उपनिरीक्षकास रात्री दहा वाजता खबर मिळते की गावाबाहेरच्या बंद वखारीत डोडाचुऱ्याची पोती भरली आहेत आणि पहाटे ती हलविली जाणार आहेत. चीक काढून घेतल्यावरही बोंडांच्या टरफलांत थोडे मॉर्फिन राहते, म्हणून त्यांच्या चुऱ्यालाही व्यसनी गिऱ्हाईक असते. उत्साही तरुणाला वाटते, तत्काळ धावावे. कायदा म्हणतो, आधी लिही. मिळालेली माहिती त्याने कागदावर उतरवली पाहिजे आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे गेली पाहिजे. सूर्यास्तानंतर बंद जागेत शिरावयाचे तर न्यायालयाचे किंवा अधिकृत वरिष्ठाचे अधिपत्र हवे. ते आणेपर्यंत पुरावा नाहीसा होईल अशी त्याची खात्री असेल, तर तशी कारणे त्याने आधी नोंदविली पाहिजेत. खबऱ्याचे नाव मात्र कोणीही त्याला विचारू शकत नाही. ते संरक्षण कायद्याने दिले आहे.

वखारीचे दार उघडते. आत पोती आहेत आणि बाहेर उभ्या ट्रकमध्ये एक चालक झोपलेला आहे. पोत्यांची झडती घेता येते. पण चालकाच्या अंगाची झडती घ्यावयाची असेल तर त्याला सांगावे लागते की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी अशी मागणी करण्याचा तुला हक्क आहे. हे नुसते पुटपुटून भागत नाही, त्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी या हक्काचे महत्त्व ठासून सांगितले आहे. पुढे पंच बोलवावयाचे, प्रत्येक पोते तोलावयाचे, क्रमांक घालावयाचे, मोहोर लावावयाची, पंचनामा लिहावयाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे दृक्श्राव्य चित्रणही सांगितले आहे. अटकेची कारणे आरोपीस कळवावयाची, चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे आणि अटक व जप्तीचा संपूर्ण अहवाल ४८ तासांत वरिष्ठास द्यावयाचा.

जवळच्या पेटीतील रसायनाने रंग पाहून प्राथमिक परीक्षा करता येते. मॉर्फिन किंवा हेरॉइन असेल तर मार्क्विस नावाच्या द्रावणाला जांभळा रंग येतो. पण रंग म्हणजे केवळ संशय, पुरावा नव्हे. पुरावा प्रयोगशाळेतून येतो. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावेत असे मोहनलाल खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि २०२२ च्या नियमांत त्याची रीत घालून दिली गेली. अफू, गांजा आणि चरस यांचा नमुना २४ ग्रॅमांचा व इतर पदार्थांचा ५ ग्रॅमांचा, आणि तोही दोन प्रतींत.

श्रोते विचारतील, चोर रंगेहाथ सापडला असता एवढा कागदांचा पसारा कशासाठी? याचे उत्तर कायद्याच्या कठोरपणात आहे. या कायद्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमांपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, आणि शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. २५० ग्रॅमांपासून पुढे ते व्यापारी प्रमाण, आणि शिक्षा १० ते २० वर्षांची, शिवाय एक लाखापासून दोन लाखांपर्यंत दंड. अफूसाठी हेच आकडे २५ ग्रॅम आणि अडीच किलो; गांजासाठी एक किलो आणि २० किलो; डोडाचुऱ्यासाठी एक किलो आणि ५० किलो. शिवाय भेसळीसकट सारे वजन मोजावयाचे, असे २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरले आहे. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात जामीन मिळणे अतिशय दुर्घट आहे, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची आधी खात्री पटावी लागते. सर्वसाधारण गुन्ह्यात आरोपी निर्दोष आहे असे धरून चालतात. येथे माल ताब्यात सापडला हे एकदा सिद्ध झाले की आपण अजाण होतो हे आरोपीनेच दाखवावयाचे असते. सरकार पक्षाने मूळ वस्तुस्थिती आधी पक्केपणाने सिद्ध केली पाहिजे, असे २००८ मध्ये नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, ते याचसाठी.

अशा कायद्यापुढे त्या ट्रकचालकाची स्थिती काय होते ते पाहावे. पोत्यांत काय भरावयाचे आहे हे त्याला ठाऊक असेल, किंवा नसेलही. तो तुरुंगात जाईल आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत कित्येक वर्षे तेथेच राहू शकेल. त्याच्या बाजूने उभे असलेले एकमेव संरक्षण म्हणजे अधिकाऱ्याने खरेपणाने लिहिलेला कागद. आणि तो खरोखरच गुन्हेगार असेल, तर त्याला शिक्षा देवविणारे साधनही तोच कागद. वेळ चुकली, मोहोर जुळली नाही, नमुना दोन दिवस कोठे होता याची नोंद सापडली नाही, तर गुन्हेगार सुटतो. ढाल आणि तलवार एकाच धातूची असावी तसा हा प्रकार आहे. म्हणून या खात्यातील कागद लिहिणे म्हणजे कारकुनी नव्हे. तो न्यायाचाच भाग होय.

उपनिरीक्षकाचा निरीक्षक होतो तेव्हा त्याच्याकडे तपासाची पुढची पायरी येते. पोती सापडली, चालक सापडला. पण पोती कोणाची? साखळी अशी असते : माल वाहणारा मजूर, माल साठवणारा दलाल, वखारीचा मालक आणि सर्वांत वर, मालाला कधीही हात न लावणारा, केवळ पैसा लावणारा सावकार. पकडला जातो तो बहुधा पहिला. जुन्या काळी पहिल्याकडून जबानी लिहून घेत आणि तिच्या आधारे दुसऱ्यातिसऱ्याला ओढीत. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तूफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, निर्णय दिला की या कायद्याखालील अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. काही अधिकाऱ्यांना तेव्हा आपले हात बांधल्यासारखे वाटले असेल. वस्तुतः तपासाला त्यामुळे अधिक कष्टाची पण अधिक सरळ वाट मिळाली. माणसाच्या तोंडून वदवून घेण्याऐवजी त्याच्या व्यवहारांनाच बोलते करावे लागले.

वखारीचे भाडे कोणाच्या खात्यातून गेले? ट्रक कोणाच्या नावावर आहे आणि त्याने गेल्या महिन्यात कोणकोणते टोलनाके ओलांडले? चालकाच्या दूरध्वनीवर त्या रात्री कोणाचे बोलणे झाले? अफूपासून हेरॉइन करावयाचे तर ॲसेटिक ॲनहायड्राइड हे रसायन लागते. औषधांच्या व कापडाच्या उद्योगात त्याचे प्रामाणिक उपयोग आहेत, म्हणून ते बंद करता येत नाही. परंतु त्याच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि कोणत्या कारखान्याने गरजेपेक्षा अधिक घेतले हे पाहता पाहता चोरट्या भट्टीचा पत्ता लागू शकतो. कधी माल तेथल्या तेथे न पकडता नजरेखाली पुढे जाऊ देतात, म्हणजे तो घेणारा सापडतो. २००१ च्या दुरुस्तीने त्याची रीतसर सोय केली आहे. १९८९ पासून गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली घरे, जमिनी, ठेवी गोठविण्याचा अधिकारही आहे. मात्र असा आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत कायम केला नाही तर तो गळून पडतो. चांगल्या निरीक्षकाची पारख येथे होते. दहा मजूर पकडून दहा खटले भरणे सोपे आहे आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात ते शोभूनही दिसते. एका मजुरापासून सावकारापर्यंत पोहोचावयास दोन वर्षे लागतात, आणि तक्त्यात तो एकच आकडा दिसतो.

निरीक्षकाचा पुढे अधीक्षक होतो. अफूच्या जिल्ह्यात तोच जिल्हा अफू अधिकारी. शेकडो पट्टे, मोजमापे, वजन-केंद्रे आणि हाताखालच्या माणसांचे अहवाल त्याच्या मेजावर येतात. आता तो स्वतः क्वचितच दार ठोठावतो. रात्री अकरा वाजता आलेल्या दूरध्वनीवर हो किंवा नाही म्हणणे हे त्याचे काम होते. हाताखालच्या तरुणाचा अहवाल वाचताना त्याला न लिहिलेले वाचता आले पाहिजे. दहा वाजता मिळालेली माहिती आणि दहा वाजता सुरू झालेली झडती या दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत, हे त्याच्या ध्यानी आले पाहिजे. अशा वेळी वेळेचा आकडा सुधारून घेणारा अधीक्षक आपल्या खात्याचे रक्षण करीत नाही, त्याचा पायाच पोखरतो. अडचण जशी घडली तशी लिहावयास लावणारा अधीक्षक कदाचित एखादा खटला गमावील, पण दहा तरुणांना खरे लिहावयाची सवय लावील.

मोहाचा प्रश्नही याच पायरीवर तीव्र होतो. पट्टा मिळणे किंवा जाणे, मालाचा दर्जा चांगला किंवा हलका ठरणे, घरातली तफावत चुकीने झालेली किंवा हेतुपुरस्सर ठरणे, हे सारे एका सहीवर अवलंबून असते, आणि त्या सहीला बाजारात भाव असतो. कायद्याने याचा विचार केला आहे. विनाकारण छळ करण्यासाठी झडती किंवा अटक करणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणि गुन्हेगाराशी जाणूनबुजून संगनमत करणाऱ्यास तस्कराइतकीच, १० ते २० वर्षांची सक्तमजुरी. या दोन शिक्षांमधील अंतर विचार करण्याजोगे आहे. गुन्हेगारास मदत करणे हे कायदा घोर पाप मानतो. निरपराध्यास छळणे हे मात्र त्याने फार हलके लेखले आहे. ही उणीव भरून काढावयाची ती अधिकाऱ्याच्या सदसद्विवेकानेच.

अधीक्षकाच्या वर सहायक आयुक्त, त्यावर नीमच, कोटा आणि लखनौ येथील उपायुक्त, आणि शिखरावर ग्वाल्हेरचे नार्कोटिक्स आयुक्त. या वरच्या जागांवर भारतीय महसूल सेवेतून आलेले अधिकारीही असतात. येथे पोहोचल्यावर पोत्यांचा वास येत नाही, आकड्यांचा येतो. देशाला औषधासाठी किती मॉर्फिन, किती कोडीन लागेल याचा अंदाज करावयाचा, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो व्हिएन्ना येथील मंडळाला कळवावयाचा, औषधांच्या आयात-निर्यातीचे दाखले द्यावयाचे. आणि येथेच सुरुवातीची ती दुसरी वाट पुन्हा समोर येते. १९८५ च्या कायद्याचा धाक एवढा बसला की परवान्यांच्या गुंत्याला कंटाळून अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ज्या देशात कायदेशीर अफू पिकते त्याच देशात कर्करोगाचे रोगी वेदनेने तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा वेगळा वर्ग केला गेला आणि मॉर्फिनसह सहा औषधांसाठी परवान्यांची रीत देशभर एकसारखी व सोपी करण्यात आली. तस्कराची वाट अडविताना रोग्याची वाट अडली जाऊ नये, हा धडा फार उशिरा आणि फार मोठ्या किमतीने मिळाला. व्यसनी माणसाबद्दलही तेच म्हणता येईल. जो अल्प प्रमाणासह सापडतो किंवा केवळ सेवन करतो आणि स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यावयास तयार होतो, त्याच्यावर खटला चालविला जाऊ नये, अशी तरतूद कायद्यात आहे. ती किती वेळा वापरली जाते हे बव्हंशी तपास अधिकारी तिच्याकडे किती आस्थेने पाहतो यावर अवलंबून असते.

या साऱ्या प्रवासाची अखेरची परीक्षा न्यायालयात होते, आणि ती बढतीच्या हिशेबाने कधीच वेळेवर येत नाही. उपनिरीक्षक असताना केलेल्या जप्तीची साक्ष द्यावयास माणूस अधीक्षक झाल्यावर, तीन गावे बदलून, परत त्याच जिल्ह्यात येतो. पंच फिरलेले असतात. एखादा साक्षीदार हयात नसतो. बचावाचा वकील विचारतो : त्या रात्री मोहोर कोणाजवळ होती? नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणत्या कपाटात होता? कपाटाची किल्ली कोणाकडे होती? स्मरणशक्ती येथे उपयोगी पडत नाही, पदवी उपयोगी पडत नाही, आणि खांद्यावरची नवी पदचिन्हेही उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते त्या रात्री थकलेल्या हाताने, पण खरेपणाने, लिहिलेले एक पान. आरोपीच्या पिंजऱ्यात त्या वेळी तोच चालक उभा असतो. त्या पानावर त्याच्या आयुष्यातील दहा वर्षे तरी तोललेली असतात.

म्हणून या नोकरीतील उन्नतीचे माप पदनामांच्या पाटीवर मोजता येत नाही. उपनिरीक्षक, निरीक्षक, अधीक्षक, आयुक्त या पायऱ्या वयोमानाने आणि परीक्षांनी चढता येतात. पण दुसरीही एक शिडी आहे. तिची पहिली पायरी माल पकडणे, दुसरी मालाचा मालक शोधणे, तिसरी निरपराध्याला वेळीच ओळखून सोडून देणे, आणि चौथी रोग्यापर्यंत औषध पोहोचू देणे. पहिल्या शिडीवर चढणाऱ्याला समारंभाने हार घातले जातात. दुसऱ्या शिडीवर चढणाऱ्याची बहुधा कोणी दखल घेत नाही. परंतु माळव्यातल्या दहा आरींच्या कास्तकारापासून रुग्णालयातील रोग्यापर्यंत किती तरी अनोळखी माणसे त्याच्याच भरवशावर निर्धास्त झोपत असतात. तरुणांनी या नोकरीकडे वळताना दोन्ही शिड्या पाहाव्यात, आणि समाजानेही अधिकाऱ्याची योग्यता पकडलेल्या पोत्यांच्या संख्येवरून न ठरविता त्याने लिहिलेल्या पानांच्या खरेपणावरून ठरवावी.